आधी मास्तरची बॅट

(गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात पीई शिक्षक आणि पालकांसमोर केलेलं भाषण, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय "बेसबॉल सरावाची बॅट कशी निवडावी: फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण". दोन गोष्टी आहेत म्हणून मला चाळीस मिनिटं दिलीत, वीस-वीस. बघू कसं जमतं ते, माझ्या बायकोला विचाराल तर नाही जमणार.

हे माझ्या हातात काय आहे, कोण सांगेल? ...मुसळ! बरोबर, मीही पहिल्यांदा बघितलं तेव्हा हेच म्हटलं होतं. पण मुसळ असं एका हातात फिरवता येतं का? (घाबरू नका, पंख्याला लागत नाही, मी बघून फिरवतोय.) याला म्हणतात फंगो. फंगस नव्हे, फंगो. तसं आपल्याकडे जून ते सप्टेंबर शाळेच्या स्टोअरमधल्या सगळ्याच बॅटींना बुरशी येते, त्या अर्थाने आपल्याकडे फंगोच फंगो आहेत. हा शब्द आला कुठून यावर खुद्द अमेरिकेतही एकमत नाही, त्यामुळे तुम्ही मला विचारू नका.

ही साधारण ३५ इंच लांब, वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाची मॅचची बेसबॉल बॅट ३३ इंचाची घेतली तर साडेआठशे ग्रॅमच्या जवळ जाते, आणि तुमच्या पोरांची क्रिकेटची बॅट अकराशे-बाराशे. म्हणजे ही क्रिकेटच्या बॅटीच्या निम्मी. का, तर ही खेळाडूसाठी नाहीच. ही कोचसाठी. एका हाताने चेंडू वर उडवायचा, दुसऱ्या हातातली बॅट दोन्ही हातात घ्यायची आणि सांगितलं तिथे मारायचा, थर्ड बेसला ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून सरपटी, नाहीतर सेंटरफिल्डला, म्हणजे मैदानात लांब मधोमध, उंच फ्लाय, म्हणजे हवेतला झेल. समोरून कोणी चेंडू टाकत नाही म्हणून बॅटीत वजन लागत नाही, लागतो तो कंट्रोल, आणि दीडशे चेंडू मारल्यावर हात जागेवर राहायला लागतो.

आता माझं म्हणणं एवढंच की बेसबॉल सुरू करणाऱ्या शाळेने सगळ्यात आधी घ्यायची बॅट ही. पोरांच्या नंतर. आधी मास्तरची.

आता तुमच्या कपाळावर जी आठी दिसली ना, तीच आठी मी आमच्या कमिटीच्या कपाळावर बघितलीय. कुठली कमिटी ते विचारू नका, त्यातले दोघे इथे बसलेले असू शकतात. मी लिहून दिलं होतं, दोन फंगो आणि वेगवेगळ्या मापाच्या सहा बॅटी. उत्तर काय? "मास्तराक कित्याक बॅट? खेळटले भुरगे!" म्हणजे मास्तराला कशाला बॅट, खेळणार पोरं. झालं. कोटेशनं मागवली, सगळ्यात कमी कोटेशनवाल्याकडून डझनभर ॲल्युमिनियमच्या बॅटी आल्या, सगळ्या काळ्या, सगळ्या ३४ इंची, सहावीच्या पोरालाही तीच आणि मलाही तीच. खरं सांगतो, खेळण्यासाठी नव्हत्याच त्या, लोक गाडीच्या डिकीत ठेवतात ना, रस्त्यात भांडण झालं तर बाहेर काढायला, त्या जातीच्या. बेसबॉल म्हणजे काय हे आपल्याकडे निम्म्या लोकांना ठाऊक नाही पण बेसबॉलची बॅट सगळ्यांना ठाऊक आहे, याचं कारण हेच.

तर मी त्या बॅटीने क्षेत्ररक्षणाचा सराव घ्यायला लागलो. ग्राउंड म्हणजे सरद, आपलं पावसाळी भात, कापून झालेलं शेत, बांध काढून सपाट केलेलं. शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या पोराला, मारायचा चेंडू म्हशीला जायचा. पोरं गुडघ्यावर हात ठेवून वाकून उभी, आणि मास्तर चेंडू उडवतोय नि हवेत बॅट फिरवतोय. पाऊण तासात एकेकाच्या वाट्याला चार चेंडू यायचे, त्यातला एक झेलता येण्यासारखा! सहाव्या दिवशी सकाळी मला चहाचा कप उचलता येईना. हिशेब करा, मॅचच्या बॅटीत आणि फंगोत सव्वादोनशे ग्रॅमचा फरक धरला आणि संध्याकाळी दीडशे चेंडू मारले तर ३४ किलोच्या आसपास जास्तीचं वजन झालं. भौतिकशास्त्राचे सर तिसऱ्या रांगेत मान हलवतायत, असा हिशेब करत नाहीत म्हणतायत, बरोबर आहे सर, पण कोपर तुमचं शास्त्र शिकलेलं नव्हतं.

मग शेजारचा एक तारवटी, जहाजावरचा, अमेरिकेच्या बंदरात जायचा, त्याला सांगून माझ्या पैशाने फंगो आणवली. खऱ्या ॲश लाकडाची. काय सांगू, पहिल्या दिवशी मी तीस चेंडू मारले ते तीसच्या तीस पोरांकडे गेले, म्हैस निवांत रवंथ करत होती. आठवडाभर स्वर्ग. आठव्या दिवशी मी हजेरीच्या मस्टरवर सही करत होतो तेवढ्यात नववीतला एक क्रिकेटवाला पोरगा ती घेऊन पिचरसमोर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यासमोर, उभा राहिला. टक्क! अर्धी बॅट त्याच्या हातात, अर्धी सेकंड बेसला. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की फंगोने समोरून आलेला चेंडू मारायचा नसतो. म्हणून आज तुम्हाला सांगतो, फंगो कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा.

तुकडे घेऊन मी मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, गेलो. त्याने शिवणीच्या लाकडाची तशीच कातून दिली, दिसायला झकास, आणि ती अकरा दिवसांत मुठीपाशी मोडली. परत गेलो. मेस्त माझ्याशी एक शब्द बोलला नाही, मोडलेली कड उन्हात धरली, नखाने लाकडातली एक रेषा दाखवली. ती रेषा मुठीच्या मधून निघून तिरकी बाहेर गेली होती, आणि बरोबर तिथेच लाकूड सोललं होतं. म्हणाला, घाई केली, फळी बघितली नाही. दुसरी त्याने लाकूड निवडून केली, तीच ही हातातली, पाचवं वर्ष चालू आहे. आता गंमत बघा, अमेरिकेत २००८ च्या सुमाराला मेपलच्या बॅटी फुटून तुकडे उडायला लागले तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनी अभ्यास केला, आणि मग मुठीवर शाईचा ठिपका टाकायचा नियम आला, शाई रेषेच्या दिशेने पसरते, बॅटीच्या सरळ लांबीपासून त्या रेषेचा तिरकेपणा तीन अंशांच्या आत पाहिजे. आमच्या मेस्ताने हेच शाई न सांडता सांगितलं. तेव्हा लाकडी बॅट विकत घेताना रंग, स्टिकर राहू दे बाजूला, मूठ डोळ्यासमोर धरा आणि रेषा खालच्या टोकाच्या जाड गाठीपर्यंत सरळ जातायत का बघा.

आणि क्रिकेटचे पालक बसलेत म्हणून सांगतो, ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीमने फिल्डिंग कोच म्हणून माईक यंग नावाचा अमेरिकन घेतला होता, तो मूळचा बेसबॉलचा माणूस. क्रिकेटमधले सर कॅचिंगला हलकी बॅट घेऊन उंच चेंडू उडवतात ना, तीच कल्पना. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये दोन्ही खेळ आहेत, तेव्हा भांडू नका. लहान पोरांसाठी तर फंगोही नको, टेनिसची रॅकेट आणि टेनिसचा चेंडू घ्या, उंच झेल शिकवायला यासारखं स्वस्त काही नाही, नाकावर बसला तरी पोर रडून गप्प होतं. कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे विकेटकीपरसारखा बसतो त्याच्या, डोक्यावर सरळ उभा चेंडू उडवणं मात्र सगळ्यात कठीण, मला अजून दहातले चार...

हो, हो, चिठ्ठी मिळाली. सात मिनिटं. आणि फलंदाजी राहिलीच की! बरं, भराभर.

माप. पोराला बॅट एका हातात आडवी, हात सरळ ठेवून धरायला सांगा, वीस-तीस सेकंदांत टोक खाली आलं तर ती बॅट त्याला जड. दुकानात उणे दहा, उणे तीन असं लिहिलेलं असतं त्याला घाबरू नका, इंचातल्या लांबीतून औंसातलं वजन वजा केलं की तो आकडा येतो, ३० इंच आणि २० औंस म्हणजे उणे दहा. लहान पोरांना उणे दहाच्या आसपासची हलकी बरी. तिकडे अमेरिकेत हायस्कूल-कॉलेजला उणे तीनचा नियम आहे, तो बघून इथे सातवीच्या पोराच्या हातात उणे तीन देऊ नका, पुढे मोठा होईल म्हणून दोन नंबर मोठा बूट घेतो तसली ही खरेदी होते.

सरावाला ॲल्युमिनियम टिकतं, सहजासहजी फुटत नाही. लाकडी बॅट खोटं बोलत नाही, चेंडू चुकीच्या जागी लागला तर हाताला झिणझिण्या येतात नि पोर आपोआप सुधारतं, शक्य असेल तर एक लाकडी ठेवाच. बांबूच्या पट्ट्या चिकटवलेली मिळते ती सरावाला चांगली दणकट. एका हाताची आखूड बॅट असते, बावीस-चोवीस इंचांची, ती टीवर, म्हणजे उभ्या स्टँडवर, ठेवलेल्या चेंडूसाठी, वरचा हात आणि खालचा हात वेगवेगळा शिकवायला. आपल्या पोरांना क्रिकेटची सवय, बॅट वरून खाली सरळ आणतात, त्यांना हिचा फार उपयोग होतो. बारीक बॅट मिळते, काठीसारखी, तिच्यासोबत फोमचे छोटे चेंडूच वापरा, खऱ्या चेंडूने ती वाकू नाहीतर मोडू शकते.

बॅटीवर घालायचं जड कडं असतं, डोनट म्हणतात, पोरांना फार आवडतं, काढल्यावर बॅट पिसासारखी वाटते. वाटते फक्त. मोजून बघितलेल्यांना बॅटीचा वेग उलट कमी झालेला दिसलाय. ते पैसे चेंडूंवर घाला.

पावसाळ्यात लाकडी बॅट ओल्या फरशीवर टेकवून ठेवू नका, लाकूड पाणी पितं नि वजन बदलतं, दोरीने उभी टांगा, ग्रिप महिन्यातून एकदा पुसून वाळवा.

झालं, उठलो. बाहेर टेबलावर तीन बॅटी ठेवल्यात, मॅचची, एका हाताची आणि ही मेस्ताची. हातात धरून बघा, वजन करून बघा, फक्त अंगणात जा. इथे आत कोणी फिरवू नका, दुसऱ्या रांगेवरचा पंखा माझ्या डोक्यावरच्यापेक्षा खाली आहे.