काच जड झालीये

(दृश्य: पावसात न्हालेलं गॅरेज. सिएराच्या डाव्या दाराची अर्धवट खाली अडकलेली काच.)

चिपळूण. जूनचा दुसरा आठवडा. गॅरेजच्या पत्र्यावर पाऊस असा बडवतोय की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतंय. आत एक जुनी टाटा सिएरा उभी आहे. डावी काच अर्ध्यावर अडकलेली, वरच्या फटीत रेक्झिनचा बोळा कोंबलेला. पायाखालचं कार्पेट पिळलं तर पेलाभर पाणी सहज निघेल.

मालकांचं निदान ठरलेलं आहे: मोटर गेली, नवी टाका.

सिएरा १९९१ मध्ये आली, पुण्याच्या टेल्कोकडून. टाटा मोटर्स हे नाव नंतरचं. टेल्कोलाइन पिकअपवर बेतलेली ही तीन दारांची गाडी. बाजूची दोन दारं चांगली लांबलचक, तिसरं मागे. बहुतेक गाड्यांत हँडल गरागरा फिरवून काच खाली करायची तो हा काळ. हिच्यात नुसतं बटण दाबायचं. मागच्या सीटशेजारची मोठी काच थेट छपरात वळत गेलेली. दिसायला झकास, पण ती उघडत नाही. वारा यायचा तो पुढच्या दोन काचांतूनच. त्यातली एक अडकली आणि त्यात एसी बंद असला, तर मागे बसणाऱ्याचं काय होत असेल ते मे महिन्यात विचारा.

मेकॅनिक मोटरकडे बघतही नाही. एका हाताने बटण दाबतो, दुसऱ्या हाताचा तळवा काचेवर टेकवून तिला वर रेटतो. काच कुरकुरत चढते.

“काका, मोटर चांगली आहे. काच जड झालीये.”

काच ज्या खाचेतून सरकते तिच्यात रबराचं चॅनल असतं, आतून मखमलीसारखी लव लावलेलं. उन्हाने ते रबर कडक होतं, लव झिजते, धूळ आणि पाणी मिळून त्यात चिखल बसतो. मग तीच काच चढवायला मोटर जास्त करंट ओढते. जुन्या गाड्यांत हा करंट बहुधा थेट बटणातून जातो, त्यामुळे आतले पॉइंट जळून काळे पडतात. मोटर फार तापली की आतला कटआउट तिला बंद करतो. थंड झाली की परत चालू. ‘सकाळी चालते, दुपारी नाही’ ही तक्रार इथून येते.

दाराच्या बिजागरीपाशी वायरचा जुडगा रबरी नळीतून जातो. दार हजारो वेळा उघडलं की आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. मेकॅनिक जुडगा हलवत बटण दाबून बघतो. इथे तरी तार धड आहे.

(दृश्य: दाराचं पॅड निघतं. आतला गंजका पत्रा.)

आता खरी गोष्ट. दारात पाणी शिरतंच. नव्या गाडीतही काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं, तशीच ती रचना आहे. या दाराची भोकं माती आणि गंजाने बुजलेली. मेकॅनिक त्यात तार खुपसतो आणि चहाच्या रंगाचं पाणी भळाभळा जमिनीवर येतं. एवढं पाणी पोटात घेऊन हे दार उघडझाप करत होतं.

आणि पॅडमागचा प्लास्टिकचा कागद? गायब. पूर्वी कुणीतरी दार उघडलं, कागद फाडला आणि ‘काय करायचाय’ म्हणून टाकून दिला. दारातलं पाणी गाडीत येऊ नये म्हणून तो एवढासा कागद असतो. कार्पेट त्याच्यामुळेच भिजलं. माझ्या मते हा आळस गंजापेक्षा वाईट. आता जाड प्लास्टिक कापून, चिकट ब्युटाइल पट्टीने कडेकडेने दाबून बसवतात.

दाराच्या चौकटीचं रबर फुटावर मिळतं. सुतळीने माप घ्यायचं, वर वीतभर जास्त. बसवताना ओढायचं नाही. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि कोपऱ्यात सुटतं. जोड खाली, उंबऱ्याशी. चॅनलला सिलिकॉन स्प्रे. इंजिन ऑइल लावू नका, त्याने रबर फुगतं.

शेवटी दहाची नोट, रबर सगळीकडे घट्ट दाबतंय का ते बघायला. दारात धरायची, दार लावायचं, ओढायची. पुढे नोट अडकते, वर अडकते, मागच्या खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद बाहेर येते. लांब, वजनदार दार. बिजागरी थोडी बसलीये. दार मागून उचललं की खटखट कळते. पिन बदलते, लॉकचा खुंटा सूतभर सरकतो. पुन्हा नोट. आता फाटेल, पण निघत नाही.

काच मुकाट वर जाते, जुन्याच मोटरवर. मालक तीनदा बटण दाबून बघतात.

कार्पेट दोन खुर्च्यांवर वाळत टाकलंय. मेकॅनिक म्हणतो, चार दिवस. चिपळुणात, जूनमध्ये? आठ धरा.