मादची वाईन आणि मादचे ज्यू

माद गावातल्या जुन्या सिनेगॉगकडे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराकडे, आपण नंतर जाऊ. आधी द्राक्षाच्या मळ्यात चला, कारण तिथे गेल्याशिवाय ते सिनेगॉग या आडगावात का, हेच कळत नाही.

माद हे ईशान्य हंगेरीतलं, तोकाय वाईनच्या प्रदेशातलं छोटं गाव. जवळच बोद्रोग नदी तिसेला मिळते. शरदात पहाटे दाट धुकं आणि दुपारी ऊन, त्यामुळे घडांवर बुरशी धरते. नाशिकच्या बागायतदाराला हे ऐकून घाम फुटेल! पण ही बोट्रायटिस बुरशी मण्यातलं पाणी उडवते आणि गोडवा दाट करते. असे सुकलेले मणी एकेक करून हातानं खुडतात. त्यांची वाईन म्हणजे ‘ऑसू’. पोलंडचे सरदार तिच्यासाठी वाटेल तो भाव मोजत.

आता ज्यू धर्मातला एक नियम बघा. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि वल्हांडणाच्या सणाला वाईन हवीच, आणि ती कोशर, म्हणजे धर्मनियमांत बसणारी हवी. त्यासाठी द्राक्षं चिरडल्यापासून बाटली बंद होईपर्यंत तिला धर्म पाळणाऱ्या ज्यूचेच हात लागले पाहिजेत. मळा मात्र कुणाचाही चालतो. माझ्या मते या गावाचा इतिहास इथेच उलगडतो. हंगेरीत ज्यूंना जमीन घ्यायला दीर्घकाळ मज्जाव होता. पण द्राक्षं विकत घेऊन स्वतः रस काढायला, पिंपं भरायला, उत्तरेला पोलंडमधल्या ज्यूंना विकायला मळा लागतच नव्हता. गॅलिशियातून, म्हणजे पोलंडच्या दक्षिण भागातून, ज्यू कुटुंबं आली ती या धंद्याच्या मागे. (याच नियमापायी आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू मंडळींनी मनुका भिजवून, त्यांचं सरबत करून किद्दुश, म्हणजे वाईनच्या पेल्यावर म्हणायची प्रार्थना, म्हटला. एकाच नियमाच्या या दोन वाटा.)

सिनेगॉग १७९५ सालचं. बाहेरून साधं, बरोक वळणाचं. आत मध्यभागी चार भक्कम खांब, त्यांच्यामध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाचा चौथरा आणि वर चितारलेलं छत. बांधलं तेव्हा पोलंडची फाळणी होऊन जकातींनी वाईनचा व्यापार पार पिचला होता. तरीही हे बांधकाम झालं, याचं मला मोठं कौतुक वाटतं. शेजारीच रब्बीचं, म्हणजे धर्मगुरूचं, घर आणि येशिवा, म्हणजे धर्मशिक्षणाची शाळा.

पुढे १९४४. जर्मन सैन्य १९ मार्चला हंगेरीत शिरलं आणि त्याच वसंतात मादच्या ज्यूंना आउशविट्झच्या नाझी मृत्युछावणीत पाठवलं गेलं. परतले ते थोडे, आणि तेही गावात टिकले नाहीत. सिनेगॉग ओस पडलं. २००४ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, पुढच्याच वर्षी त्याला युरोपा नोस्ट्रा हा वारसा-जतनाचा युरोपीय पुरस्कार मिळाला. इमारत आज देखणी आहे, फक्त रोजच्या प्रार्थनेला गावात माणसं नाहीत.

गर्दी बघायची तर जवळच्या बोद्रोगकेरेस्तूरला जा. तिथे १९२५ साली वारलेले रब्बी येशाया स्टायनर यांची समाधी आहे. पुण्यतिथीला जगभरातून हजारो हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी कर्मठ पंथाचे ज्यू लोटतात. उंदीर पळावेत म्हणून त्यांची तसबीर घरात लावणारेही आहेत! मादच्या रब्बीच्या घरापासून अशा ‘चमत्कारी रब्बीं’च्या गावांची यात्रा आखलेली आहे. तिच्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे शातोराल्याऊयहेय, जिथे रब्बी मोशे टायटेलबाउम यांची समाधी आहे. मादच्या ज्यूंना १९४४ मध्ये कोंडलं होतं ते याच शहराच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत, आणि आउशविट्झच्या गाड्याही इथूनच सुटल्या.