मध्यरात्रीचे कॉर्ककर

(काळा पडदा. किटलीत पाणी उकळल्याचा आवाज. मग स्वयंपाकघरातला दिवा लागतो.)

सिडनी. रविवार, २० जुलै २०२५. रात्रीचे पावणेबारा.

जुलै म्हणजे इथे हिवाळा. गल्लीतली सगळी घरं अंधारात आहेत, एक सोडून.

या घरात राहतात कॉर्ककर. हे त्यांचं खरं आडनाव नाही, मी ठेवलेलं आहे. आपल्याकडे माणूस गाव सोडतो, पण गाव आडनावाला धरून मागोमाग येतं. सातारकर, नगरकर, पेडणेकर. आयरिश आडनावांत अशी सोय नाही. पण हा माणूस आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क काउंटीचा, आणि ऑस्ट्रेलियात सदतीस वर्षं काढूनही ते दुसऱ्या वाक्याला कळतं. म्हणून कॉर्ककर. त्यांना अर्थ सांगितला तर म्हणाले, हे आमच्याकडे आधीच कुणाला सुचायला हवं होतं.

(अंगात लाल जर्सी, वरून लोकरी स्वेटर. टेबलावर लॅपटॉप, टीव्हीला जोडलेला.)

साडेबारा वाजता सामना सुरू होईल. डब्लिनच्या क्रोक पार्कवर तेव्हा दुपारचे साडेतीन असतील. ऑल-आयर्लंड हर्लिंगची फायनल, कॉर्क विरुद्ध टिपररी. त्याच क्षणी पर्थमध्ये रात्रीचे साडेदहा, दुबईत संध्याकाळचे साडेसहा आणि न्यूयॉर्कमध्ये रविवार सकाळचे साडेदहा वाजलेले असतील. न्यूयॉर्कवाले नशीबवान. सिडनीवाल्यांचा सोमवार उजाडून अर्धा तास झालेला असतो, आणि कॉर्ककरांना सहा वाजता इलेक्ट्रिकच्या कामाची व्हॅन काढायची असते.

वहिनी सिडनीच्याच. त्या दहालाच झोपल्या. झोपण्याआधी एवढंच म्हणाल्या, हरलात तर दार हळू लावा.

(जुन्या चेंडूचा क्लोज-अप. चामड्याची उंच शिवण.)

ज्यांनी हर्लिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा माणसं. प्रत्येकाच्या हातात काठी, परंपरेने अॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट. तिला म्हणतात हर्ली. चेंडू क्रिकेटच्या चेंडूहून थोडा हलका, त्याचं नाव स्लिटर. तो जमिनीवर मारा, हवेत मारा, काठीच्या टोकावर तोलत पळत सुटा, चालतं. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक, त्याला पॉइंट म्हणतात. चांगला खेळाडू पळता पळता ऐंशी मीटरवरून पॉइंट मारतो, तेही खांद्याला खांदा भिडलेला असताना. हेल्मेट सक्तीचं झालं ते २०१० मध्ये. त्याआधी काय होत असेल, ते कॉर्ककरांच्या भुवईवरची खूण सांगते.

गुणफलकावर आधी गोल आणि मग पॉइंट लिहितात. ३-२७ म्हणजे तीन गोल, सत्तावीस पॉइंट, एकूण छत्तीस. बेरीज प्रेक्षकाने करायची. मला पहिले दोन सामने बोटांवर मोजावं लागलं.

आणि हे खेळाडू पगारी नाहीत. ब्याऐंशी हजारांच्या गर्दीसमोर फायनल खेळणारा पोरगा मंगळवारी शाळेत शिकवायला किंवा बांधकामावर परत जातो. काउंट्या खेळाडू विकत घेत नाहीत. क्लब असतो गावाचा, चर्चच्या हद्दीचा, आणि त्यातले निवडक खेळतात काउंटीकडून. मी कोल्हापूरचा असल्यामुळे हे मला फारसं समजावून सांगावं लागलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की शहराचं काय होतं, ते पाहत मी वाढलो. तिथेही टीम आपण निवडत नाही. जन्मलो त्या पेठेबरोबर ती मिळते. शिवाय कॉर्कचे रंग लाल आणि पांढरे. तांबडा-पांढरा! त्यामुळे कुणाच्या बाजूने बसायचं, हा प्रश्न माझ्यापुरता पहिल्याच दिवशी सुटला.

(फोटो: विमानतळावरचा तरुण, पायाशी एक बॅग, बॅगेच्या बाजूला दोरीने बांधलेली हर्ली.)

१९८८. कॉर्ककर तेव्हा बावीस वर्षांचे. आयर्लंडमध्ये बेकारी एवढी की त्यांच्या वर्गातली निम्मी मुलं लंडन, बॉस्टन किंवा सिडनीला गेली. आले तेव्हा सामने ‘पाहण्याचा’ प्रश्नच नव्हता. सोमवारी आईला फोन करायचा, ती स्कोअर सांगायची. मिनिटाचे पैसे लागत, त्यामुळे गोल कुणी केले एवढंच. बाकीचं वर्णन वर्तमानपत्रात यायचं, आणि ते वर्तमानपत्र पोस्टाने.

१९९० साली कॉर्कने हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल, दोन्हींचा ऑल-आयर्लंड किताब एकाच वर्षी जिंकला. हर्लिंगच्या फायनलमध्ये गॉलवेविरुद्ध ५-१५ ते २-२१. भावाने सामना टीव्हीवरून टेप केला आणि कॅसेट सिडनीला पाठवली. सोळा दिवसांनी ती पोचली. नशीब की आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे टीव्हीची पाल पद्धत. अमेरिकेत गेलेल्या मित्रांच्या यंत्रांवर तीच कॅसेट नुसत्या रेघा दाखवायची. त्या एका कॅसेटवर सिडनीतल्या पाच घरांनी तो सामना पाहिला.

मी म्हटलं, केवढं थांबावं लागायचं. कॉर्ककर म्हणाले, उलट. तेव्हा निकाल माहीत असायचा. माणूस जेवून-खाऊन, शांतपणे बघायचा. आता बघवत नाही.

(रेडिओची डायल. खरखर. दूरवर आवाज येतो, जातो.)

इंग्लंडमध्ये गेलेल्यांचं जरा वेगळं होतं. त्यांच्यासाठी रेडिओ होता. आयर्लंडमध्ये मैदानी खेळाचं थेट वर्णन फार लवकर सुरू झालं, २९ ऑगस्ट १९२६ ला, आणि तो सामना हर्लिंगचाच होता, गॉलवे विरुद्ध किलकेनी. पुढे पन्नास-साठ वर्षं मँचेस्टर-बर्मिंगहॅमच्या खोल्यांतून रविवारी दुपारी लोक डायल फिरवत बसत. आयरिश रेडिओच्या लाँगवेव्हवरचं २५२ हे केंद्र बंद झालं एप्रिल २०२३ मध्ये. ते बंद करायचा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा सर्वात जास्त आरडाओरडा केला तो ब्रिटनमधल्या म्हाताऱ्या आयरिश माणसांनी. इंटरनेटवर सगळं मिळतं, हे त्यांना सांगणाऱ्यांची मला जरा कीव येते.

इंटरनेटवर मिळायला लागलं ते २०१४ पासून. परदेशातल्या लोकांसाठी जीएएगो नावाची सेवा आली. पैसे भरा, सामना बघा. नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, हीच सेवा आयर्लंडच्या आत महत्त्वाचे सामने दाखवू लागली. मे २०२४ चा कॉर्क-लिमरिक सामना घरबसल्या फुकट दिसेना, तेव्हा देशभर बोंबाबोंब झाली. राजकारणीसुद्धा बोलले. कॉर्ककरांना हसू आवरेना. दहा वर्षं आम्ही भरतोय, तेव्हा कुणी विचारलं नाही!

(क्रोक पार्कमधला चषक. चार कानांचा, चांदीचा.)

हा लियम मॅकार्थी चषक. आज रात्री याच्यासाठी खेळायचंय. आणि परदेशातून खेळ पाहणाऱ्यांचा या चषकावर थोडा हक्क आहे, असं मला वाटतं. कारण लियम मॅकार्थी जन्मला लंडनमध्ये, १८५३ साली, आयरिश आईवडिलांच्या पोटी. लंडनमध्येच त्याने हर्लिंगची संघटना उभी करायला हातभार लावला आणि तिथूनच हा चषक दिला. १९२१ च्या स्पर्धेपासून तो विजेत्यांना मिळतो.

त्याच्याही आधीची गोष्ट कॉर्ककर स्वतःहून सांगत नाहीत. १९०१ च्या स्पर्धेची फायनल प्रत्यक्षात १९०३ मध्ये झाली. लंडनचा संघ समुद्र ओलांडून डब्लिनला आला. देश सोडून गेलेली, दिवसा लंडनमध्ये राबणारी आयरिश पोरं. त्यांनी ऑल-आयर्लंड जिंकली, १-५ ते ०-४. लंडनला तो किताब पुन्हा कधी मिळाला नाही. आणि समोर हरलेला संघ? कॉर्क.

कॉर्ककर म्हणतात, परदेशी गेलेल्यांनी आम्हाला एकदा हरवलं, पण एकदा जिंकूनही दिलं. ही दुसरी गोष्ट ते न विचारता सांगतात. शॉन ओग ओ हालपीन हा मुलगा सिडनीत वाढला. आई फिजीच्या रोटुमा बेटाची, वडील आयर्लंडमधल्या फर्मॅनाचे. रग्बी खेळायचा. १९८८ मध्ये हे कुटुंब सिडनी सोडून कॉर्कला राहायला गेलं. म्हणजे कॉर्ककर इकडे आले त्याच वर्षी हा पोरगा तिकडे गेला, जणू अदलाबदल. वडील फर्मॅनाचे, आई फिजीची, दोन्हीपैकी एकही हर्लिंगचा बालेकिल्ला नाही, हा समालोचक मीहॉल ओ मुरहर्टी यांचा शेरा आयर्लंडमध्ये पोराबाळांना पाठ आहे. २००५ मध्ये त्याच शॉन ओगने कर्णधार म्हणून हा चषक उचलला आणि अख्खं भाषण आयरिश भाषेत केलं.

तो कॉर्कचा तिसावा किताब. त्यानंतर वीस वर्षं एकही नाही.

२०१३ ला एका पॉइंटची आघाडी होती, वेळ संपलेली होती, आणि क्लेअरच्या डोनल ओ'डोनोव्हनने बरोबरी केली. बचावपटू, तोवर चॅम्पियनशिपमध्ये त्याच्या नावावर एकही पॉइंट नव्हता. फेरसामना गेला. २०२१ ला लिमरिकने धुतलं. २०२४ ला जादा वेळेत पुन्हा क्लेअर, एका गुणाने, आणि शेवटच्या क्षणी कॉर्कच्या रॉबी ओ'फ्लिनची जर्सी मागून ताणलेली. त्या ताणलेल्या जर्सीचा फोटो कॉर्ककरांच्या फोनमध्ये आहे. नातवंडांच्या फोटोंच्या मधोमध.

(साडेबारा. टीव्हीवर मैदान, अर्धं लाल, अर्धं निळं-पिवळं.)

यंदा मात्र सगळं जुळून आलेलं. लीगच्या फायनलमध्ये याच टिपररीला हरवलं. लिमरिकला पेनल्टींवर नमवून मन्स्टरचा, म्हणजे दक्षिणेकडच्या आपल्या प्रांताचा, किताब घेतला. सेमीफायनलला डब्लिनवर सात गोल चढवले.

सामना सुरू व्हायच्या आधी एक विधी होतो. कॉर्ककर फोन उचलतात आणि ब्रेडच्या डब्यात टाकून झाकण लावतात. कारण इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट मागे असतं, आणि भाऊ, पुतणे, शाळेचे मित्र, सगळे स्टेडियममध्ये किंवा घरच्या टीव्हीसमोर. इथे पॉइंट व्हायच्या आधी तिथून मेसेज येतो. फोन बंद का करत नाही, असं मी विचारलं. बंद कसा करणार, म्हणाले.

पहिल्या हाफमध्ये डबा सारखा थरथरत होता. मध्यंतराच्या तोंडावर तो लागोपाठ पाच-सहा वेळा वाजला, कॉर्ककर खुर्चीतून अर्धे उठले, आणि मग कुठे पडद्यावर शेन बॅरेटने गोल मारला. १-१६ ते ०-१३. सहाची आघाडी. पॅट्रिक हॉर्गन सदतीस वर्षांचा, २००८ पासून कॉर्ककडून खेळतोय, ऑल-आयर्लंडचं पदक नाही. आज मिळणार. कॉर्ककरांनी चहा केला. मलाही दिला, साखर न विचारता.

(दुसरा हाफ. कॅमेरा टीव्हीवर नाही, डब्यावर.)

दुसऱ्या हाफमध्ये डबा गप्प झाला.

मला आधी लक्षात आलं नाही. त्यांना आलं. टिपररीच्या जॉन मॅग्राने गोल केला तो आम्ही पाहिला, पण कॉर्ककरांचा चेहरा त्याच्या आधीच उतरला होता. तिकडून कुणी काही पाठवत नव्हतं. मग कॉर्कच्या एका बचावपटूला पंचांनी बाहेर काढलं आणि पेनल्टी. मारायला एकोणीस वर्षांचा डॅरा मॅकार्थी, एप्रिलमध्ये याच कॉर्कविरुद्ध सामना सुरू होता होता ज्याला लाल कार्ड मिळालं होतं. गोल. लगेच मॅग्राचा आणखी एक. कॉर्कला पेनल्टी मिळाली तर टिपररीचा गोलरक्षक ऱ्हिस शेलीने तीही अडवली. वर जाऊन स्वतः एक पॉइंटही मारला. याला काय म्हणायचं!

अख्ख्या दुसऱ्या हाफमध्ये कॉर्कने केले दोन. पॉइंट, गोल नव्हे.

३-२७ ते १-१८. यावेळी बेरीज मला पटकन जमली. छत्तीस आणि एकवीस.

(रात्रीचे सव्वादोन. टीव्ही बंद. काळ्या काचेत स्वयंपाकघराचं प्रतिबिंब.)

थोड्या वेळाने डबा वाजला. मेसेज नव्हे, फोन. भाऊ. कॉर्ककर स्पीकरवर बोलले, मला चित्रीकरण करू दिलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, कॉर्कचे दोघे आपसात बोलायला लागले की कुणालाच कळत नाही. कळलं ते एवढं : तिकडे पाऊस नाही. एका गाईचा पाय सुजलाय. आईच्या थडग्यावरचं गवत कापायला हवं. सामन्याचा विषय वीस मिनिटांत निघाला नाही. ठेवताना भाऊ म्हणाला, एप्रिल.

मन्स्टरची चॅम्पियनशिप एप्रिलमध्ये सुरू होते.

मी विचारलं, पुढच्या वर्षीही उठणार? कॉर्ककरांनी माझ्याकडे पाहिलं, जसं कोल्हापुरात कुणी ‘रविवारी मटण करणार का’ असं विचारणाऱ्याकडे पाहील तसं. मग कप विसळायला घेतले.

जाताना मी दार हळू लावलं.