मलेरिया कोणाच्या जिवावर बेततो?

मंडळी, आकडे आधी सांगून टाकतो, म्हणजे मग माणसांकडे वळता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात २६ कोटींहून अधिक वेळा कुणाला ना कुणाला मलेरिया झाला, आणि त्यातले ५ लाख ९७ हजार लोक दगावले. यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि तिथल्या दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. पण उरलेले कोट्यवधी लोक तापातून उठले आणि कामाला लागले. एकाच गावात, त्याच डासांमध्ये वाढलेली दोन मुलं. एक चार दिवसांत खेळायला लागतं आणि दुसरं बेशुद्ध होतं. असं का?

जंतूचा स्वभाव इथे समजून घ्यावा लागतो. मलेरियाचा फाल्सिपेरम जातीचा परजीवी रक्तातल्या लाल पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर स्वतःची प्रथिनं आणून ठेवतो. त्यांच्यामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. प्लीहेपर्यंत गेली तर तिथे गाळली जाईल ना, म्हणून ही लपायची सोय. मेंदूतल्या केशवाहिन्या अशा पेशींनी भरल्या की मूल शुद्ध हरपतं. या प्रथिनांची रूपं अनेक आहेत, आणि शरीर ती एकेक करून ओळखायला शिकतं. शिकता शिकता बालपण संपतं. सतत डास चावणाऱ्या भागातला मोठा माणूस अंगात परजीवी घेऊन नांगर धरतो, त्याला साधी कणकणही नसते. ज्याचं हे शिकणं झालेलं नाही, त्याला धोका. यात लहान मूल आलं. आयुष्य मलेरिया नसलेल्या शहरात काढून नोकरीसाठी लागोसला गेलेला आपला इंजिनिअरही आला. मात्र मोठ्या माणसात चित्र वेगळं दिसतं, मूत्रपिंडं बंद पडतात, कावीळ होते, फुप्फुसांत पाणी भरतं. मुलांमध्ये रक्त कमालीचं कमी होणं, साखर उतरणं आणि बेशुद्धी जास्त.

या नियमाला एक अपवाद आहे, आणि मला तो फार विलक्षण वाटतो. लहानपणापासून मलेरिया अंगावर काढलेली, बऱ्यापैकी प्रतिकारशक्ती असलेली तरुणी पहिल्यांदा गरोदर राहते आणि पुन्हा धोक्यात येते. १९९६ साली कळलं की वारेत, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवात, साचणारे परजीवी तिथल्या एका वेगळ्याच पदार्थाला चिकटतात. त्यासाठी ते प्रथिनाचं जे रूप वापरतात, ते या बाईच्या शरीराने कधी पाहिलेलंच नसतं, कारण तिच्या पोटात आधी वार नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला शरीर तेही शिकलेलं असतं. आईचं रक्त घटतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि हे सगळं मुख्यतः पहिलटकरणीच्या वाट्याला येतं.

आता दवाखान्यात येऊ. केनियाच्या किनाऱ्यावर किलिफी नावाचं गाव आहे. तिथे केव्हिन मार्श आणि सहकाऱ्यांनी मलेरियाने दाखल झालेल्या १,८४४ मुलांची नोंद ठेवली आणि १९९५ साली ती छापली. त्यातली ६४ मुलं वारली. त्या ६४ पैकी ५४ जणांत दोनपैकी किमान एक लक्षण होतं, शुद्ध मंदावलेली किंवा श्वासाला धाप. दोन्ही गोष्टी आईला आणि नर्सला डोळ्यांनी दिसतात, प्रयोगशाळा लागत नाही. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात उपयोगी संशोधन हेच.

मलावीतल्या ब्लँटायरमध्ये टेरी टेलर आणि माल्कम मॉलिनो यांच्या गटाने आणखी अवघड प्रश्न विचारला. ज्याला आपण मेंदूचा मलेरिया म्हणतोय तो खरंच तोच आहे का? आईवडिलांची संमती घेऊन त्यांनी शवविच्छेदनं केली. २००४ मध्ये जाहीर झालेल्या ३१ मुलांपैकी ७ जणांच्या मृत्यूचं कारण दुसरंच निघालं. रक्तात परजीवी होते, मूल बेशुद्ध होतं, पण मारेकरी वेगळा. खरी केस ओळखायची खूण सापडली ती डोळ्यात. बुबुळ विस्फारून आतला पडदा पाहिला की पांढरे चट्टे, रक्ताचे ठिपके, रंग उतरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. पुढे तिथे एमआरआय यंत्र आलं. २०१५ च्या अहवालात मरण पावलेल्या २५ मुलांपैकी २१ जणांचा मेंदू फार सुजलेला होता. वाचलेल्या १४३ मध्ये अशी सूज फक्त ३९ जणांना. कवटीला जागा नसते, सूज खाली दाबत जाते आणि श्वास थांबतो.

उपचारांनीही धडे दिले. आर्टेसुनेट या औषधाने जुन्या क्विनाइनपेक्षा जास्त जीव वाचतात, हे २००५ साली आशियात दिसलं (त्या चाचणीत भारतही होता) आणि २०१० साली आफ्रिकेत. सलाईनचं मात्र उलटं झालं. पूर्व आफ्रिकेत ३,१४१ अत्यवस्थ मुलांवर चाचणी झाली, निम्म्याहून अधिकांना मलेरिया होता. भराभर सलाईन दिलेल्या मुलांत ४८ तासांतले मृत्यू १०.५ टक्के, तसं भराभर न दिलेल्यांत ७.३. आपल्याकडे ‘डॉक्टर, एक बाटली लावा की’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

सिकलसेलबद्दल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल, विदर्भातली मंडळी नक्की विचारतील. आईवडिलांपैकी एकाकडूनच त्याचा जनुक आला तर गंभीर मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं, अँथनी ॲलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हे मांडलं. दोघांकडून आला तर तो आजार, आणि अशा मुलाला मलेरिया झाला तर तो जास्त घातक ठरतो. म्हणून गडचिरोलीत ‘सिकलसेल असला की मलेरिया बाधत नाही’ असं कुणी म्हणालं तर वाहक की रुग्ण, हे आधी विचारायचं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर२१ या मलेरियावरच्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. ती पाच महिन्यांपासूनच्या मुलांना देतात, कारण आईकडून आलेलं संरक्षण तोवर ओसरू लागतं.

आणि वाचलेली मुलं? ब्लँटायरमध्येच मेंदूच्या मलेरियातून उठलेल्या १३२ मुलांवर पुढे लक्ष ठेवलं. त्यातल्या १२ जणांना मिरगी जडली. तुलनेसाठी घेतलेल्या २६४ मुलांत एकालाही नाही. ज्यांना आजारात जास्त ताप चढला आणि झटके आले, त्यांना हा धोका अधिक होता. त्यामुळे ताप जोर लावून उतरवला तर मिरगी टळते का, याच्या मागे तिथले डॉक्टर लागले.