नऊवारी, नथ आणि सॉफ्ट फोकस

नमस्कार श्रोतेहो. लग्नसराई असो की मंगळागौर, नऊवारी-नथीतला एखादा तरी फोटो ‘सॉफ्ट’ हवाच असतो. पण सॉफ्ट म्हणून जो हाती पडतो, तो पुष्कळदा नुसता फोकस चुकलेला असतो. खऱ्या सॉफ्ट फोकसमध्ये पापणीचे केस मोजता येतात. फक्त उजळ भागातला प्रकाश थोडा कडेला सांडतो.

जुन्या सॉफ्ट फोकस भिंगांत हा प्रकाश सांडण्याचा दोष मुद्दाम ठेवलेला असे. मधले किरण एका जागी जुळत, कडेचे दुसरीकडे. म्हणजे रेखीव चित्र आणि त्यावर धुकं. कॅननच्या १९८७ च्या १३५ मिलिमीटर सॉफ्टफोकस भिंगावर धुकं कमी-जास्त करायचं कडंच होतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं प्रकाशाचं छिद्र, एफ ५.६ च्या पुढे बारीक केलं (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र बारीक), की कडेचे किरण अडत आणि धुकं गायब.

घरच्या घरी काळा, पातळ नायलॉनचा पायमोजा पुरतो. ८५ मिलिमीटरच्या आसपासच्या लेन्सवर तो ताणून रबरबँडने बसवा. जास्त ताणलात तर परिणाम कमी होतो. पांढरा मोजा नको. सावल्या राखाडी होतात आणि काळेभोर केस धुरकट दिसतात. अ‍ॅपर्चर एफ २.८ ते ४ ठेवा. त्याहून फार बारीक केलंत तर जाळी उमटायची भीती. फोकस कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर, आणि मोजा चढवण्याआधीच तो पक्का करून मॅन्युअलवर टाका. मग दोघांनीही जागचं हलायचं नाही; दीड मीटरवरून एफ २.८ ला जेमतेम पाच सेंटीमीटर खोली रेखीव मिळते.

व्हॅसलीन लावायचंच असेल तर जुन्या यूव्ही फिल्टरवर, म्हणजे लेन्सपुढे बसवायच्या सुट्या काचेवर; लेन्सच्या काचेवर कधीही नाही. मधे रुपयाएवढी जागा कोरी सोडा. बोट ज्या दिशेने फिरवाल, तिच्या काटकोनात प्रकाश फराटतो.

आता खरी मेख. नथ डाव्या नाकपुडीत, म्हणून खिडकी तिच्या डाव्या हाताला हवी. उजवीकडून उजेड आला तर नाकाच्या सावलीत मोती विझतात. पण पदरही डाव्याच खांद्यावर! पैठणीची जरतार खिडकीशी भिडली, की मोज्यातून तिचा उजेड थेट हनुवटीपर्यंत पसरतो आणि तन्मणी त्यात बुडून जातो. उपाय साधा आहे. खुर्ची खिडकीपासून तीनेक फूट लांब घ्या आणि इतकी मागे सरकवा, की चेहऱ्यावर खिडकीच्या कडेचा उजेड पडेल, खांदा त्या उजेडाबाहेर राहील. काचेवर मलमलीचा पडदा सोडा. तरीही जरतार पेटलेलीच दिसली तर पदराची घडी आत वळवा, एक्स्पोजर अर्धा स्टॉप उतरवा, म्हणजे फोटो जरा गडद घ्या. खिडकी उंचावर असेल तर नथीची सावली वरच्या ओठावर मिशीसारखी पडते. अशा वेळी मांडीवर पांढरा पुठ्ठा धरायला सांगा.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड हे काम करत नाही. तो मागचं पुसतो, आणि त्या नादात नथीची तार नि गजऱ्याच्या पाकळ्याही खातो.

काष्ट्यासकट उभा फोटो काढताना मात्र मोजा काढून ठेवा. फ्रेममध्ये चेहरा नखाएवढा झाला, की तेच धुकं डोळे गिळतं.