नाक वाहायच्या आधीचे दोन दिवस

मंडळी, सुरुवात एका स्पंजपासून करतो. एक तबेला होता, बावीस घोडे, मालक पंधरा वेगवेगळे, आणि बावीस घोड्यांची नाकं-डोळे पुसायला एक पिवळा स्पंज, एकाच बादलीत बुडवलेला. मी तिथं डॉक्टर म्हणून तीन वर्षं जात होतो, तो स्पंज दर वेळी बघत होतो आणि एकदाही म्हटलं नाही की बाबांनो, हा एकच का. ती चूक माझी होती, म्हणून आज घोड्यांच्या साथीच्या आजारांबद्दल बोलायला उभा आहे.

डिसेंबरात बाजारातून एक घोडी आली. तुकतुकीत अंग, दाणा पूर्ण खातेय, नाक कोरडं. मधल्या रिकाम्या ठाणावर बांधली, संध्याकाळी सगळ्यांबरोबर हौदावर पाणी प्यायली. पाचव्या दिवशी शेजारच्या घोड्यानं दाणा सोडला. सगळे म्हणाले थंडी लागली असेल. अजून दोन-तीन दिवसांनी नाकातून पिवळा शेंबूड आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, हात लावला की मान वर करून मागं सरकायचा. पुढच्या तीन आठवड्यांत अकरा घोडे आजारी. एका शिंगराच्या गाठी आतून घशावर दाबायला लागल्या, श्वासाची घरघर दारातून ऐकू यायची, रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात गळ्याला छेद देऊन नळी घालावी लागली. वाचलं ते. या आजाराला स्ट्रँगल्स का म्हणतात, म्हणजे गळा आवळणारा, ते त्या रात्री तिथं उभ्या असलेल्या कुणालाही परत सांगावं लागणार नाही.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. स्ट्रँगल्समध्ये आधी ताप येतो, आणि नाकातून जंतू बाहेर पडायला लागतात ते साधारण दोन-तीन दिवसांनी. म्हणजे घोडा तापलाय पण अजून दुसऱ्याला देत नाहीये असे दोन दिवस आपल्या हातात असतात, त्या वेळात तो बाजूला काढला तर शेजारचा वाचतो. पण ताप डोळ्यांनी दिसत नाही, थर्मामीटर लावावा लागतो. मोठ्या निरोगी घोड्याचं तापमान साधारण 37.5 ते 38.5 सेल्सिअस धरा, जुना थर्मामीटर असेल तर 99.5 ते 101.3 फॅरनहाइट. सकाळी काम द्यायच्या आधी घ्यायचं, कारण दौडवून आणलेला किंवा मेच्या उन्हात उभा असलेला घोडा तसाही गरम लागतो. घ्यायचं आणि वहीत लिहायचं, कारण खरं सांगतं ते त्याच घोड्याचं कालचं आणि परवाचं माप, नुसता आजचा आकडा नाही.

त्या घोडीचं काय, ती तर आजारी नव्हतीच, असं मला दर वेळी विचारतात. घोड्याच्या घशामागे हवेच्या दोन पिशव्या असतात, आजार बरा झाला तरी तिथं पू वाळून खडे होऊन राहतो, आणि बऱ्या झालेल्या साधारण दहातला एक घोडा महिनोन्महिने, कधी वर्षंसुद्धा, तिथून जंतू सोडत राहतो, खातो पितो पळतो सगळं करतो. म्हणून सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून दत्तजयंतीला आणा नाहीतर ओळखीच्या तबेल्यातून आणा, नवीन घोडा तीन आठवडे वेगळा. त्याची बादली, खरारा, तोबरा वेगळा, मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा माणूस, जमलं तर वेगळा, नाही जमलं तर त्यानं त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. आणि ऐपत असेल तर दुर्बीण घालून त्या पिशव्या धुऊन तपासून घ्या, नुसते तीन आठवडे थांबून असा लपलेला घोडा कळत नाही.

पाण्याबद्दल. हा जंतू ओल्या जागी, हौदात तीन-चार आठवडे राहू शकतो, पण ऊन लागलेल्या लाकडावर दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात जास्त धोका. आणि हौदात नुसता क्लोरीन ओतून काही होत नाही, शेवाळ आणि दाण्याचा चिखल आधी ब्रशनं घासून काढायचा, मग औषध टाकायचं, घाणीत ते मरून जातं.

माणूसही नेतो बरं का. 2007 साली ऑस्ट्रेलियात घोड्यांचा फ्लू पसरला, तोपर्यंत त्या देशात तो नव्हताच. माजी न्यायमूर्ती इयान कॅलिनन यांच्या चौकशीत निघालं की आयात घोड्यांच्या क्वारंटाइन केंद्रातून तो बहुधा कुणातरी माणसाच्या अंगावरून किंवा सामानावरून बाहेर आला. तिथून न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमधल्या हजारो जागी गेला. आपल्याकडे 2008 मध्ये जम्मूतल्या कटऱ्यापासून फ्लू पसरला होता. त्याची लस आहे, सगळ्या तबेल्यानं एकदम घ्या, अर्ध्यांनी घेऊन भागत नाही. आणि नालबंद चार तबेले फिरून येतो, त्याला हात धुवायला साबण-पाणी आपण द्यायचं.

ग्लँडर्स हा घोड्यांचा आणखी एक जंतूंचा आजार, त्यावर मात्र तडजोड नाही. 2006 मध्ये तो आपल्या पुणे-पाचगणी भागातच निघाला होता. माणसाला होतो, जीव घेतो, आणि कायद्यानं कळवावाच लागतो. रक्ताचे नमुने हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात जातात, पॉझिटिव्ह आला तर घोड्यावर उपचार करत नाहीत, त्याला संपवावं लागतं. म्हणूनच लोक लपवतात, मला कळतं ते, पोटच्या पोरासारखा वाढवलेला असतो. पण लपवलेल्या घोड्याचं नाक रोज तुमचा मोतद्दारच पुसतो, उघड्या हातानं.

आणि त्याच्याबद्दल बोलायचंच आहे. त्या तबेल्यातल्या एकोणीस वर्षांच्या पोरानं मला नंतर सांगितलं, डॉक्टरसाहेब, घोडा गरम लागतोय हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मग बोलला का नाहीस? तर म्हणे मागच्या वेळी बोललो तेव्हा काही निघालं नाही, मालक ओरडले की उगाच डॉक्टरची फी भरायला लावली. शंभर वेळा खोटी शंका निघाली तरी चालेल, पण त्याला ओरडू नका. वही त्याच्याच हातात द्या, आणि ताप दिसला की मालकाचा फोन लागायची वाट न बघता घोडा बाजूला काढायचा अधिकारही द्या.

चला, बाहेर घोडी उभी आहे. थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधून आणलाय, चिमटा शेपटीला लावायचा म्हणजे तो आत ओढला जात नाही. मालकांनी आधी लावून बघा, मोतद्दारांना येतंच.