पाठीवरची जखम

श्रोतेहो, नमस्कार.

कापसाची वेचणी लागली की आपल्याकडे जागलही लागते. रानडुकरं आहेत, रोही आहेत, आणि आता मोटारपंपाची केबल कापून नेणारेही आहेत. कास्तकार बॅटरी आणि काठी घेऊन वावरात झोपतो. कोणी कुऱ्हाड उशाला ठेवतो, एखाद्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असते. अशाच एका रात्रीची गोष्ट आज सांगणार आहे. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करत होतो तेव्हाचा हा खटला. माणसाचं नाव आणि गाव सांगणार नाही.

मध्यरात्र उलटली होती. शेजारच्या वावरातून ओरडणं ऐकू आलं, "मेलो बाप्पा, मेलो!" माझा पक्षकार उठून पळत गेला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, शेजाऱ्याला दोघांनी खाली पाडलं होतं. एक छातीवर बसून गळा दाबत होता, दुसरा लाथा घालत होता. याने कुऱ्हाडीचा दांडा छातीवर बसलेल्याच्या खांद्यावर हाणला. पकड सुटली आणि दोघंही पळाले. इथपर्यंत याने जे केलं ते कोणत्याही चांगल्या शेजाऱ्याने करावं असंच होतं.

पण हा त्यांच्यामागे पळाला. दहा-पंधरा पावलं असतील. आणि मागच्याच्या पाठीत कुऱ्हाडीचं पातं घातलं.

मला तो तुरुंगात पहिल्यांदा भेटला तेव्हा एकच वाक्य बोलत होता, "साहेब, मी त त्याले वाचवाले गेलो होतो." खरंच होतं ते. पण डॉक्टरच्या दाखल्यात जखम पाठीवर लिहिली होती, आणि पाठीवरची जखम कोर्टात फार बोलते. मारलं तेव्हा समोरचा पळत होता, हे ती सांगते.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांमध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिलेला आहे. जुन्या दंड संहितेत हीच तरतूद ९६ ते १०६ या कलमांत होती. पुष्कळ लोकांना वाटतं की हा हक्क फक्त स्वतःच्या जिवासाठी आहे. तसं नाही. ३५ वं कलम स्पष्ट म्हणतं की दुसऱ्या कोणाच्याही शरीराचं रक्षण करता येतं. तो नात्याचा असावा, जातीचा असावा, ओळखीचा असावा अशी कुठलीच अट नाही. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती असेल, बलात्कार, अपहरण किंवा ॲसिडचा हल्ला होत असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही, इतका हा हक्क मोठा आहे.

पण त्याला आयुष्य फार थोडं. धोका दिसतो तेव्हा तो जन्माला येतो आणि धोका सरला की संपतो. शिवाय गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क मिळतच नाही. पहिला घाव बसला तेव्हा शेजाऱ्याचा गळा आवळलेला होता, म्हणून तो घाव कोर्टाने माफ केला. दुसऱ्या घावाच्या वेळी शेजारी उठून बसला होता. न्यायाधीशांनी मला विचारलं, "त्या क्षणी धोका कोणाला होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घातक हत्याराने जबर दुखापत, जुन्या कायद्याचं कलम ३२६. तीन वर्षांची शिक्षा झाली. जखमी माणूस दवाखान्यात दगावला असता तर खटला खुनाचा झाला असता, आणि मग संरक्षणाची मर्यादा ओलांडली एवढंच घडलं, खून नाही, हे पटवण्यात आमची सगळी ताकद गेली असती.

हे ऐकून कोणी घरात कडी लावून बसू नये. तो त्या रात्री धावला नसता तर शेजारी मेला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. आणि कोर्टंही माणसाची घालमेल समजून घेतात. पंजाबातल्या दर्शन सिंग खटल्यात जमिनीच्या वादातून वडिलांवर गंडाशाचा वार झाला आणि मुलाने गोळी झाडली. खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने दोषी धरलं, आणि जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा निर्दोष सोडलं. जिवावर बेतलेलं असताना माणूस एकेक घाव तराजूत तोलू शकत नाही, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने अनेकदा मान्य केलं आहे. मात्र तिथवर पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागल्या, हेही ध्यानात घ्या. संरक्षणासाठी मारलं हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो.

आता माझ्या मनाला सगळ्यात लागलेली बाब सांगतो. ते दोन हल्लेखोर शेजाऱ्याचे चुलतभाऊच होते. वाद धुऱ्याचा, दोन तासांचा, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढ्या जागेचा. खटला उभा राहीपर्यंत भावकी एकत्र बसली, मोजणी झाली, दगड रोवले आणि त्यांचं मिटलं. ज्याचा जीव वाचला तो साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, "अंधार होता, कोणी काय केलं ते दिसलं नाही." फितूर झाला. हाताबुक्कीची साधी मारहाण आपसात मिटवता येते. कुऱ्हाडीचा घाव असा मिटत नाही. भांडण ज्यांचं होतं ते घरी गेले आणि सोडवायला गेलेला एकटा पिंजऱ्यात राहिला. मी त्या शेजाऱ्याला दोष देत नाही. त्याला त्याच भावकीत राहायचं होतं, पांदणीने त्यांच्याच वावरातून बंडी न्यायची होती. पण हत्यार घेऊन दुसऱ्याच्या भांडणात उतरताना हे आपल्याला माहीत असायला हवं.

दुसरं म्हणजे अंधारात आपण भांडणाच्या मधोमध पोचतो. सुरुवात कोणी केली ते पाहिलेलं नसतं. वर बसलेला हल्लेखोर असेल, किंवा चोराला दाबून धरलेला वावराचा मालकही असेल. मागून येणाऱ्याला तर कुऱ्हाड उगारलेला तुम्हीच दिसता. पोलीस आले तर त्यांनाही.

बंदुकीचं तर आणखी अवघड. छर्रे पांगतात, त्यांना मित्र-शत्रू कळत नाही. आणि घरात आजोबाची भरमार विनापरवाना पडून असेल, तर तिने तुम्ही कोणाचा जीव वाचवलात तरी शस्त्र कायद्याचा गुन्हा वेगळा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. साधी काठी या कायद्याने शस्त्र मानलेली नाही, शेतीची अवजारंही नाहीत. पण काठीने माणूस मरतो, आणि मेला की कलम माणूस मारल्याचंच लागतं.

जमाव झाला की गोष्ट हाताबाहेर जाते. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी पोरं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठार मारण्यात आलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. मारणाऱ्यांतल्या कित्येकांना आपण लेकरं वाचवतोय असंच वाटलं असेल. आपल्याकडेही सुगी झाली की भटकी माणसं गावोगाव येतात, आणि मोबाइलवर अफवाही येतात. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव असला तर ज्याने नुसता दगड उचलला तोही सगळ्यांच्या कृत्याला जबाबदार धरला जाऊ शकतो.

चोर सापडला तर धरा. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो. नव्या कायद्याप्रमाणे त्याला विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करायचं. खांबाला बांधून सकाळपर्यंत गावाने हात साफ करायचे, याला कायद्यात कुठेच जागा नाही.

त्या रात्रीचा मी पुष्कळदा विचार केला आहे. त्याच्याकडे चांगली बॅटरी होती. लांबूनच उजेड टाकून, नावं घेऊन ओरडला असता तर भाऊबंद बहुधा तेवढ्यानेच पळाले असते. ओळखलं गेलो या भीतीने माणूस लवकर सुटतो. खिशात मोबाइल होता, पण ११२ लावायचं सुचलं नाही. पोलीस पाटलाचं घर जवळ होतं, त्यांना उठवलं नाही. उलट घाबरून कुऱ्हाड नाल्यात टाकली, आणि पुरावा लपवल्याचं आणखी एक बालंट मागे लागलं. स्वतःच्या हाताला खरचटलं होतं, तेही डॉक्टरला दाखवलं नाही. आधी पोलीस ठाण्यात जाऊन त्याने स्वतः खबर दिली असती, तर पहिला कागद त्याच्या बाजूने झाला असता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांनी त्याला मामाच्या गावाहून आणलं. पळाला, असं लिहिलं गेलं.

जामीन मिळायला चार महिने लागले. तोवर कापूस झाडावरच गळाला. पेशीला यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडायची, एसटीचं भाडं वेगळं, आणि पेश्या कितीतरी झाल्या. पोरीची सोयरीक मोडली. चार एकरांतला एक एकर विकला, त्यातली काही रक्कम माझ्याही फीमध्ये आली, हे मी इथे सांगितलंच पाहिजे.

तो आदिवासी समाजाचा होता. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि कोठडीत असलेल्या प्रत्येकाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस कोर्टाच्या आवारातच असतं, आणि १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. हे त्याला कळलं तेव्हा एकराची विक्री होऊन गेली होती.

नमस्कार.